विंगेतले नागनाथअण्णा

नागनाथअण्णांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा मी फोनवर होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला आणि त्याचं खापर मात्र मी अण्णांच्या डोक्यावर फोडलं.

आम्ही मारतहळ्ळीला राहतो. पुण्याहून येऊन सहा वर्षं झाली. मी आणि माझा नवरा निहार दोघंही आयटीत, आणि आमची पंधरा वर्षांची भार्गवी बॅले शिकते. माझ्या सासूबाई अजून विचारतात, "म्हणजे ते अंगठ्यांवर उभं राहायचं ना? नखं नाही का गं जात?" जातात. दोन गेली, परत आली. मुलगी तक्रार करत नाही म्हणून आम्हीही गप्प बसतो.

गेल्या डिसेंबरात तिच्या क्लासने खऱ्याखुऱ्या नाट्यगृहात संपूर्ण शास्त्रीय बॅले करायचं ठरवलं. गोष्ट अगदी साधी होती. बर्फात अडकलेलं एक पाखरू आणि त्याला वाट दाखवणारी गावातली मुलं. पाखरू म्हणजे आमची भार्गवी. शेवटी तिला एकटीने रंगमंचाच्या मधोमध सलग आठ गिरक्या घ्यायच्या होत्या, आणि त्या आठ गिरक्यांसाठी आमच्या घरातलं टीपॉय चार महिने बाल्कनीत राहत होतं.

तिच्यासाठी बाहेरून मागवलेला पोशाख आला तो दहा वर्षांच्या मुलीला बसेल एवढा. कार्यक्रमाला अडीच आठवडे उरले होते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने जयनगरचा पत्ता दिला. म्हणाली, "भरतनाट्यमचे ड्रेस शिवतात, अरंगेत्रमवाल्या, म्हणजे स्टेजवर पहिला नाच असलेल्या, सगळ्या मुली त्यांच्याकडेच जातात. आणि तुझं नशीब, मराठी बोलतात."

दुकान म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली. पाटी कन्नडमध्ये. आत दोन मशिनं, कापायचं मोठं टेबल, आणि छतापासून लोंबणारे रेशमी पोशाख. मशिनपाशी सत्तरीला टेकलेले नागनाथअण्णा, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई. मागे भिंतीला टेकून त्यांच्या पत्नी धनलक्ष्मीअक्का हूक लावत बसलेल्या. अण्णा शिंपी समाजातले, तीन पिढ्या बेंगळूरूत, चाळीस वर्षं नाचाचेच कपडे शिवणारे.

"पुण्याचं मराठी काय? बोला की," ते म्हणाले. "आमचं स्वल्प इकडचं तिकडचं. आजा निपाणीचा, आम्ही इथलेच. समजून घ्या."

मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवले. अंगाला घट्ट बसणारी चोळी आणि कमरेखाली थाळीसारखा आडवा पसरलेला जाळीचा घेर. त्यांनी फोटो मोठा करून करून शिवणी बघितल्या, बायकोला दाखवल्या, दोघं कन्नडमध्ये काहीतरी बोलले आणि म्हणाले, "होतंय की." तेवढ्यात ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. मी पायरीवर जाऊन उभी राहिले. काचेतून एकदा आत बघितलं तर भार्गवी गुडघे बाहेर वाकवून अर्धी बसली होती आणि अण्णा तिच्या कमरेभोवती टेप फिरवत होते. मला वाटलं, काहीतरी गंमत चालली आहे. मी परत फोनवर बोलायला लागले.

पोशाख दहा दिवसांत झाला आणि इतका देखणा झाला की निहार म्हणाला, हा कपाटात ठेवायचा नाही, भिंतीवर लावायचा. भार्गवीने तो घालून हॉलमध्ये पहिली गिरकी घेतली. मुलगी वळली, समोर तोंड करून थांबली, आणि घेर आपला मागून सावकाश वळत आला. दुसऱ्या गिरकीला तो तिच्या अर्धा वेढा मागे होता. तिसऱ्या गिरकीला ती थांबली आणि तिने दोन्ही हातांनी घेर धरला. कमरेखाली तो चांगला दोन बोटं ढिला होता. कार्यक्रमाला सहा दिवस होते.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला माहेरी सांगतात आणि सासरी सांगायचं टाळतात. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, मुलीला आणि पोशाखाला रिक्षात घालून मी जयनगरला गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. जमत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, मुलीची चार महिन्यांची मेहनत आहे, असं बरंच. अण्णा उभे राहून ऐकत होते. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, त्यामुळे मला आणखी चेव चढला. "चाळीस वर्षं नाचाचे कपडे शिवता ना? एकदा तरी नाच बघितलाय का तुम्ही?"

धनलक्ष्मीअक्कांचा हात थांबला.

"न्हाई अक्का," अण्णा मला म्हणाले. "न्हाई बघितला."

त्यांनी पोशाख हातात घेतला, उलटा केला, कमरेची शिवण चिमटीत धरली आणि स्वतःशीच मान हलवली. मग भार्गवीला कन्नडमधल्या लाडाच्या हाकेने म्हणाले, "पुट्टी, तुमच्यात अर्धं बसून नाचत न्हाईत काय?"

तेव्हा सगळा उलगडा झाला. भरतनाट्यमची मुलगी बराचसा नाच अर्ध्या बैठकीत करते. तसं बसलं की कमरेखाली अंग पसरतं. म्हणून हे शिंपी माप घेतात तेच मुळी मुलीला अर्धं बसवून. उभ्याने घेतलं तर नाचताना शिवण उसवते. अण्णांच्या वडिलांनी असंच माप घेतलं, अण्णांनी असंच घेतलं. भार्गवीचा नाच नेमका उलटा. ती उभी राहते, ताणते, बुटांच्या टोकावर चढते, आणि सगळं अंग आवळून घेते. अण्णांनी बसलेल्या मुलीचा पोशाख उभ्या मुलीला शिवला होता.

"पण तू सांगायचं नाहीस का?" मी भार्गवीवर घसरले.

"आई, आमच्यातही गुडघे वाकवून सुरुवात करतात. मला वाटलं, त्यांना बॅले माहीत आहे," ती म्हणाली. "आणि तू फोनवर होतीस."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

"चूक माझी की," अण्णा म्हणाले. "न विचारता बसवलं मी. पुट्टी, तू कशी उभारतीस ते दाखव बघू."

जमीन खडबडीत फरशीची. तिच्यावर ते बूट घासले गेले असते. अण्णांनी कापायच्या टेबलावरची फळी उचलली, मी दुसरं टोक धरलं, आणि ती जमिनीवर आडवी ठेवली. भार्गवीने बूट चढवले, फिती बांधल्या आणि ती मशिनचा कोपरा धरून टोकावर चढली. अण्णा गुडघ्यांवर बसले. ती तशी फार वेळ राहू शकत नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग ती चढायची, ते एक माप घ्यायचे आणि म्हणायचे, "उतर." ती दम घ्यायची. परत चढायची. अशी अकरा मापं घेतली. शेवटच्या मापाला त्यांचं लक्ष तिच्या बुटाच्या कडेतून डोकावणाऱ्या चिकटपट्टीकडे गेलं.

"दुखतंय काय?"

"हो," भार्गवी म्हणाली.

"मग कशाला करतीस?"

तिने थोडा विचार केला. "गिरकी नीट आली ना, की तेव्हा नाही दुखत."

अण्णांनी टेप गुंडाळला आणि कॉलरची सुई चाचपून बघितली. "परवा या. गिरकी नीट येईल."

ते अस्तर आणायला पलीकडच्या दुकानात गेले तेव्हा मी धनलक्ष्मीअक्कांना विचारलं, की नाच बघितला नाही असं ते मघाशी कसं म्हणाले. अक्का हूक लावता लावताच बोलत होत्या.

"सव्वीस वर्षं झाली. एक मुलीचं अरंगेत्रम होतं. तिच्या वडिलांनी ह्यांना मान देऊन पुढच्या रांगेत बसवलं. अन् नाच सुरू झाला न झाला तोच त्या पुट्टीचा पुढचा पंखा सुटला. प्लेट्स असतात न्हवं, त्या. तिनं एक हातानं धरून सगळा नाच केला, अन् ह्यांनी मान वर केलीच न्हाई. कोण काय बोललं न्हाई ह्यांना. पण हे त्या दिवसापासनं खुर्चीत बसत न्हाईत. विंगेत उभारतात, सुई घेऊन. तिथनं काय दिसतंय? पाठ दिसती. अन् ते पण हे शिवणीच बघतात."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कोण बोलवत होतं शिंप्याला?"

मी मघाशी काय बोलून बसले होते ते मला तेव्हा कळलं.

परवा गेलो तेव्हा घेर भार्गवीच्या अंगाला असा बसला होता की ती वळली की तो वळत होता, ती थांबली की तो थांबत होता. भार्गवी फळीवर उड्या मारायचीच बाकी होती. तिला कार्यक्रमाचे चार पास मिळाले होते. दोन आमचे, आणि दोन पुण्याच्या आजी-आजोबांचे, जे गुडघ्यांमुळे येणार नव्हते. ते दोन तिने मला न विचारताच अण्णांच्या मशिनवर ठेवले.

"मी येतो की. विंगेत उभारतो," अण्णा म्हणाले.

"विंगेत नाही येता येणार. आम्ही तिथून पळत बाहेर येतो ना, टक्कर होते. मिस कुणालाच उभं राहू देत नाहीत. तुम्ही समोर बसा. मला तुम्ही समोरच पाहिजे आहात."

अण्णांनी पास मशिनच्या झाकणाखाली सरकवले. "बघू की," म्हणाले. त्यांच्या आवाजावरून ते येणार नाहीत हे मला कळलं, आणि भार्गवीला कळलं नाही.

रविवारी चारचा खेळ होता. मी साडेतीनपासून फाटकाशी उभी होते. भार्गवीने आतून दोनदा विचारायला पाठवलं होतं. निहार म्हणाला, "येतील गं," पण त्याला असं सगळ्याच बाबतीत वाटतं. पावणेचारला दोघं मेट्रोच्या बाजूने चालत येताना दिसली. अक्का जांभळ्या रेशमी साडीत, अण्णा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आणि कॉलरला सुई. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने त्यांची पिशवी उघडली आणि आतून फूटभर लांबीची शिंप्याची कात्री काढली. ती आत नेता येणार नाही, म्हणाला. अण्णा त्याला कन्नडमध्ये समजावत होते की ही कात्री म्हणजे त्यांचा हातच आहे. त्याने तो 'हात' टोपलीत ठेवला आणि एक पितळी बिल्ला दिला. कॉलरची सुई मात्र त्याच्या नजरेस आली नाही.

रंगपटात फक्त बायकांना सोडत होते. अक्का गेल्या. अण्णा बाहेरच्या हॉलमध्ये दाराशी उभे राहिले. पहिली घंटा झाली, लोक आत जायला लागले, निहार जागा धरायला गेला. अण्णा हलेनात.

"मी इथंच थांबतो अक्का. काय झालं तर हाक मारा."

माझ्या लक्षात आलं की आता बोलले नाही तर ते इथेच दाराशी उभे राहतील, आणि माझी मुलगी आत एका रिकाम्या खुर्चीसमोर नाचेल. मी म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. मी फोनवर होते, माझं लक्ष नव्हतं आणि ओरडले तुमच्यावर. मला माफ करा."

ते माझ्याकडे बघून हसले. "तुमी चिडला म्हणून तर कळालं. आमच्याकडं गिऱ्हाईक चिडत न्हाई अक्का, गप दुसऱ्या शिंप्याकडं जातंय. तुमी परत आला. ते बरं केलात."

इतकं चांगलं मला माझ्या रागाबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही. दुसरी घंटा झाली. अक्का रंगपटातून आल्या, बोटाला पावडर लागलेली.

"वरनं हूक लावले, आतनं टाका घातला. दुहेरी दोरा. जावा आता, बसा."

"गाठ?" अण्णांनी विचारलं.

"चाळीस वर्षं मीच मारतीय गाठ, आजची पण," अक्का म्हणाल्या. "त्या अरंगेत्रमच्या दिवशी तेवढी तुमी मारली होती. खुर्चीत बसायची घाई झाली होती म्हणून."

मी जमिनीकडे बघत उभी राहिले. मला वाटलं, आता ते रागावतील. सव्वीस वर्षं हे दोघांनाही माहीत होतं आणि आज पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

"सरी," म्हणजे ठीक, ते म्हणाले आणि आत चालायला लागले.

आम्ही चौथ्या रांगेत बसलो. निहार, मी, अण्णा, अक्का. दिवे गेले. वाद्यांचा आवाज सुरू झाला, पडदा वर गेला आणि बर्फ पडायला लागलं. मी आजवर भार्गवीचे चार-पाच कार्यक्रम बघितले आहेत आणि दर वेळी मला फक्त तिची काळजी असते, पण त्या दिवशी मला दोन माणसांची काळजी होती. अण्णांनी दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. भार्गवी पांढऱ्या पोशाखात आली. ते पुटपुटले, "खांदा बरा बसलाय." थोड्या वेळाने, "खालची टीप धरलीय." अक्कांनी त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

गावातली मुलं आली, गेली. उड्या झाल्या. पाखरू पडलं, उठलं. अण्णांची नजर तिच्या कमरेवरून हलली नाही. मी हे सांगू शकते, कारण मी निम्मा वेळ त्यांच्याकडेच बघत होते.

मग रंगमंच रिकामा झाला. भार्गवी मधोमध आली, टोकावर चढली आणि पहिली गिरकी घेतली. घेर तिच्याबरोबर वळला. दुसरी. तिसरी. माझे ओठ मोजत होते. पाचव्या गिरकीला घेराची कडा दिव्यात नुसती एक पांढरी रेघ दिसत होती. सहा. सात. आठवी गिरकी घेऊन ती आमच्याकडे तोंड करून थांबली, आणि घेरही तिच्याबरोबर जिथल्या तिथे थांबला.

लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, डोळे पुसत होते, दोन्ही एकदम जमत नव्हतं. अण्णांनी माझ्या बाहीला हात लावला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी कान खाली केला.

"अक्का," ते म्हणाले, "पुट्टी हसतीय."

"हो."

"नाचताना हसतात काय गं ह्या?" हे त्यांनी बायकोला विचारलं. "सगळ्या?"

"सगळ्या," अक्का म्हणाल्या.

त्यांनी पुढची खुर्ची सोडली आणि मागे टेकून बसले. त्यानंतरचा सगळा वेळ ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, शेवटी सगळी मुलं ओळीत उभी राहून वाकली तोवर. चाळीस वर्षं या माणसाने किती मुलींना सजवून रंगमंचावर सोडलं असेल, आणि प्रत्येकीची त्याला फक्त पाठ माहीत. माझ्या मुलीचा चेहरा त्याने पहिला बघितला, याचा मला इतका आनंद झाला की मी त्याबद्दल कुणाचे आभार मानू ते कळेना. मी अक्कांचा हात धरला. त्यांच्या बोटांना सुईचे घट्टे होते.

बाहेर आल्यावर भार्गवी पोशाखातच धावत आली आणि अण्णांच्या पाया पडली. घेर आडवा आल्यामुळे तिला नीट वाकता येईना, तेव्हा अण्णा घाईघाईने म्हणाले, "नको नको, आतला टाका जाईल." सगळे हसलो. फोटो काढले. दोघं मेट्रोकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन. "अक्का, माझी कातर तिथंच राहिली की."

पितळी बिल्ला त्यांच्या खिशातच होता आणि त्यांना तो सकाळी कापड कापायला बसल्यावर सापडला. शिंपी कात्री विसरला, हे धनलक्ष्मीअक्का फोनमागून मोठ्याने सांगत होत्या. मी म्हटलं, मीच आणते. नाट्यगृहात ओळख सांगून, सही करून कात्री घेतली आणि संध्याकाळी ऑफिसातून थेट जयनगरला गेले.

दुकानात एक दहा-बारा वर्षांची मुलगी मापाला आली होती, भरतनाट्यमची. अण्णांनी तिला नेहमीसारखं अर्धं बसवलं, टेप फिरवला, आकडे लिहिले. मग टेप गळ्यात टाकून ते म्हणाले, "आता स्वल्प नाचून दाखव बघू, पुट्टी."

मुलगी लाजली. आईकडे बघितलं. आई म्हणाली, कर की. अण्णा पार दारापर्यंत मागे आले, स्टूल ओढलं आणि बसले. कॉलरला सुई होती, पण हात मांडीवर होते. मुलीने पाय आपटला आणि सुरुवात केली.

मी कात्री हातात घेऊन तशीच उभी होते. धनलक्ष्मीअक्कांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढलं, कारण मी अण्णांच्या समोर आले होते आणि त्यांना मुलीचा चेहरा दिसत नव्हता.